मोटर कॅराव्हॅन घ्यावी, की मालवाहू ट्रेलरचे फिरते घर करून घ्यावे?

राजेंद्रनगरकर (इंदूर)

सर्वांना नमस्कार. पुढच्या वर्षी मी बँकेच्या नोकरीतून निवृत्त होत आहे आणि त्यानंतर वर्षातले तीन-चार महिने आम्ही उभयतांनी रस्त्याने हिंडावे, असा बेत आहे. हिंडणे म्हणजे कधी आठवडाभर महेश्वर-मंडलेश्वरच्या बाजूला नर्मदेकाठी, कधी पचमढी, कधी मांडू, आणि हिवाळ्यात एकदा थेट कोकण, जिथे आमचे कुलदैवत आहे आणि मुक्कामाची सोय मात्र दर वेळी नव्याने शोधावी लागते. हॉटेलांशी आमचे वैर नाही. परंतु पत्नीचे पथ्यपाणी असते, तिचे गुडघे दुखतात, आणि स्वतःचे अंथरूण, स्वतःची शेगडी व स्वतःचे स्वच्छतागृह सोबत असेल तर ती निर्धास्तपणे घराबाहेर पडेल.

आमच्यापुढे दोन मार्ग आहेत. मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे लोक बंद मालवाहू ट्रेलर विकत घेतात, आतून लाकूडकाम करून त्याचे घर करतात आणि आपल्या गाडीमागे जोडून नेतात. त्याचे म्हणणे असे की, बाबा, आपल्याकडे डिझेल स्कॉर्पिओ आहेच, इंदुरात फॅब्रिकेशनवाल्यांना तोटा नाही, तेव्हा ट्रेलरच करून घ्या. खर्च निम्म्याहून कमी होईल आणि गाडीचे इंजिन बिघडले तरी घर शाबूत राहील. मेहुण्यांचे मत नेमके उलट आहे. पीथमपूरला बनणाऱ्या ट्रॅव्हलर या मिनीबसवर बांधलेली लहान मोटर कॅराव्हॅन, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारे फिरते घर, सरळ विकत घ्यावी आणि कटकट मिटवावी, असे ते म्हणतात. आमची मर्यादा, सर्व खर्च धरून, २५ लाखांची आहे.

माझ्या शंका तीन आहेत. वयाच्या साठीनंतर ट्रेलर ओढत घाट उतरणे कितपत झेपते? लोखंडी डब्यात आपल्याकडच्या उन्हाळ्यात झोप लागते का? आणि ट्रेलरची किंवा बदल केलेल्या गाडीची कागदपत्रे आपल्या राज्यात होतात का? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


पीथमपूरवासी

राजेंद्रनगरकर, वाहन-बांधणीच्या क्षेत्रात माझी उभी हयात गेली, म्हणून आपली तिसरी शंका मी आधी घेतो. तिचे उत्तर मिळाले की बाकीचे निम्मे प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी-पुस्तिकेतला तपशील आणि निर्मात्याने दिलेली मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात जे कलम १८२-अ आले, त्यात मालकाने केलेल्या बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम पाहून पुष्कळ लोक हसण्यावारी नेतात. खरी धास्ती विम्याची आहे, कारण अपघात झाला आणि पुस्तिकेत 'मालवाहू' लिहिलेल्या वाहनात पलंग, शेगडी आणि बॅटऱ्या निघाल्या, तर दावा नाकारायला विमा कंपनीला दुसरे कारण शोधावे लागत नाही.

याचा अर्थ फिरते घर बेकायदा आहे असा मुळीच नाही. मोटर कॅराव्हॅन हा आपल्याकडे मान्य असलेला स्वतंत्र वाहनप्रकार आहे आणि त्यासाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. बसण्याच्या जागा व टेबल, झोपण्याची सोय (आसने उलगडून पलंग केला तरी चालतो), स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची सोय या चार गोष्टी किमान असाव्या लागतात, आणि त्या गाडीला पक्क्या बसवलेल्या असाव्या लागतात. टेबल तेवढे काढता येण्याजोगे चालते. अशी गाडी स्वतःच्या वापरासाठी घेतली तर ती बिगर-वाहतूक वर्गात नोंदवता येते, म्हणजे पांढरी पाटी मिळते, परमिट लागत नाही आणि व्यावसायिक वाहनासारखी वारंवार फिटनेस तपासणी मागे लागत नाही. एकूण भारासह वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर आपला चारचाकीचा साधा परवाना पुरतो.

आता ट्रेलर. एकूण वजन ७५० किलोपर्यंत असेल तर टी-१ आणि त्यापुढे साडेतीन टनांपर्यंत टी-२, असे त्याचे वर्ग आहेत. कलम ६१ प्रमाणे ट्रेलरची नोंदणी मोटारीसारखीच स्वतंत्र करावी लागते, आणि शिवाय ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरच्या मागे दिसावा लागतो. गल्लीतल्या कारागिराने कितीही मजबूत सांगाडा जोडून दिला तरी नमुना-मान्यतेच्या, म्हणजे त्या रचनेची चाचणी होऊन मिळालेल्या मंजुरीच्या, कागदाशिवाय त्याची नोंदणी होणे फार कठीण. नोंदणी झालेला तयार मालवाहू ट्रेलर घेऊन त्याचे घर करायचे म्हटले, तर आपण फिरून कलम ५२ च्या दारात उभे राहता. म्हणजे चिरंजीवांनी सुचवलेला मार्ग पैशाने सर्वांत स्वस्त असला तरी कागदाने सर्वांत अवघड आहे.

आणखी एक गोष्ट पाहावी. स्कॉर्पिओच्या मालक-पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची क्षमता दिली आहे का, आणि दिली असल्यास ब्रेक असलेल्या व ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी वेगवेगळी किती, हे वाचून घ्यावे. तिथे आकडा नसेल तर इंजिनाची ताकद कितीही असो, मागे हिच (ट्रेलर अडकवण्याची जोडणी) बसवून ट्रेलर ओढण्याचा विचार सोडून द्यावा.


सराफ्याचा जावई (सध्या डॅलस)

मूळ इंदूरचा, आता बरीच वर्षे टेक्सासात आहे. राजेंद्रनगरकरांच्या चिरंजीवांची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो. इथे राहणाऱ्या माणसाला तो सल्ला अगदी स्वाभाविक वाटतो आणि इथल्यापुरता तो बरोबरही आहे.

अमेरिकेत बंद मालवाहू ट्रेलर ही दुकानात तयार मिळणारी वस्तू आहे. सर्वांत खपणारा लहान आकार ६ फूट रुंद आणि १२ फूट लांब, एका एक्सलचा. त्याचे कमाल एकूण वजन पुष्कळदा २,९९० पौंड, म्हणजे सुमारे १,३५० किलो ठेवलेले असते. कारण अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या पुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे होतात. रिकामा ट्रेलर साधारण ६०० किलोंचा धरला तर घर आणि सामान यांसाठी पाऊणएक टन उरतो. गाड्यांना हिच कारखान्यातूनच मिळते, ओढण्याची क्षमता पुस्तिकेत छापलेली असते, ट्रेलरसह गाडी उभी करून वीज-पाणी जोडता येईल अशी मैदाने जागोजाग असतात आणि मैला-पाणी रिकामे करण्याची ठरावीक ठिकाणे असतात. उलट व्हॅनवर बांधलेली लहान मोटर कॅराव्हॅन नवी घ्यायची तर इथे लाख डॉलरच्या पुढे जाते. त्यामुळे हाताने सुतारकाम करू शकणारा माणूस ट्रेलरकडे वळतो, यात नवल नाही.

परंतु अशा ट्रेलर-घरांच्या व्हिडिओंत जे दिसत नाही ते सांगतो. ६ फूट रुंदीचा ट्रेलर आतून सहा फूट नसतो. भिंतींची जाडी वजा केली आणि उष्णतारोधक थर लावला की साडेपाच फुटांच्या आसपास उरते, म्हणजे उंच माणसाला आडवे झोपता येत नाही. पलंग लांबीत टाकावा लागतो आणि बारा फुटांतले सहा-साडेसहा फूट तिथेच संपतात. छताचा पत्रा पातळ असतो, त्यावर पंख्यासाठी भोक पाडले की तिथूनच गळती सुरू होते. खिडक्या नसतात, त्या कापून बसवाव्या लागतात.

सर्वांत महत्त्वाचे ते वजनाच्या विभागणीचे. इथला रिवाज असा की ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे गाडीच्या हिचवर यावा. ९०० किलोंच्या ट्रेलरला तो ९० ते १३५ किलो होतो. तो कमी पडला, म्हणजे पाण्याची टाकी किंवा कपाटे एक्सलच्या मागे गेली, तर वेग घेतल्यावर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि एका मर्यादेनंतर गाडीलाही फिरवतो. भार जास्त झाला तर गाडीचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागते. हा भार गाडीच्या वहनक्षमतेतून वजा होतो हेही लोक विसरतात. गाडीत पाच जण आणि डिकीत सामान असेल तर हिचसाठी काहीच उरत नाही. एवढे करूनही ट्रेलर जोडला की वेग आवरावा लागतो. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला कायद्यानेच ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे.

आता हेच गणित मानपूर-धामनोदमधल्या गणेश घाटावर मांडून पाहावे. उतारावर ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी तो रस्ता आपल्याकडे पुरेसा बदनाम आहे. लहान ट्रेलरला जे साधे यांत्रिक ब्रेक असतात, ते ट्रेलर गाडीला मागून ढकलू लागला की त्या दाबाने लागतात. सपाट रस्त्यावर ही युक्ती सुरेख चालते. लांब उतारावर मात्र ट्रेलर सतत ढकलतच राहतो, ब्रेक सतत घासत राहतात आणि तापतात. मागे घेतानाही तोच दाब येतो, म्हणून रिव्हर्ससाठी ते ब्रेक अडकवून ठेवण्याची सोय असावी लागते. साठीनंतर झेपेल का, याचे माझे उत्तर असे की महामार्गावर सहज झेपेल. अडचण येते ती चुकीच्या गल्लीत शिरल्यावर वीस फूट मागे येताना, जेव्हा स्टिअरिंग डावीकडे वळवले की ट्रेलर उजवीकडे जातो आणि मागे तीन रिक्षा भोंगे वाजवत असतात.


दांडियाबाजारकर (बडोदे)

आमच्याकडे ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, रीतसर मोटर कॅराव्हॅन म्हणून नोंदवलेली गाडी आहे. आम्हीही दोघेच. एकतानगर, चांपानेर, कच्छ इकडे आम्ही ती वारंवार नेतो, आणि माहेर मध्य भारतातले असल्याने दाहोद-झाबुआमार्गे आपल्या इंदूरलाही येणे होते. कायद्याचे वर आले आहे. मी राहण्याचे लिहिते.

वहिनींच्या गुडघ्यांपासून सुरुवात करते, कारण निर्णय तिथेच होईल असे मला वाटते. ट्रॅव्हलरची जमीन उंच आहे. दाराशी कारखान्याची जी पायरी असते ती रस्त्यापासून चांगली वर असते आणि दिवसातून पंधरा-वीस वेळा ती चढ-उतार करावी लागते: पाणी आणायला, कचरा टाकायला, चहाचा गाळ फेकायला, उगाच बाहेर बघायला. आम्ही खाली एक सरकती पायरी बसवून घेतली आणि दाराच्या आतल्या बाजूला, डाव्या हाताला येईल असा उभा दांडा लावला. हा दांडा पकडायला कोपराच्या उंचीपासून सुरू होऊन डोक्याच्याही वर जायला हवा. आडवा दांडा चढताना उपयोगाचा नसतो. बांधकाम सुरू असतानाच वहिनींना घेऊन जावे, त्यांना प्रत्यक्ष चढायला लावावे, आणि मग वेल्डिंग करू द्यावे. ट्रेलर जमिनीला जवळ असतो, म्हणून तो चढायला सोपा, हे मात्र खरे. पण पाऊस पडत असताना गाडीतून उतरून, चिखलातून जाऊन ट्रेलरचे दार उघडावे लागते, तर कॅराव्हॅनमध्ये चालकाच्या मागून सरळ आत जाता येते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा फरक रोज जाणवतो. शिवाय चालत्या ट्रेलरमध्ये माणसाने बसायचे नसते, त्यामुळे वाटेत पाठ टेकायची झाली तरी थांबण्यावाचून गत्यंतर नाही. कॅराव्हॅनमध्येही गाडी चालू असताना पलंगावर झोपू नये, पट्टा लावून आसनावरच बसावे. परंतु रस्त्याकडेला थांबून अर्धा तास आडवे होणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

उन्हाळा. मे महिन्यात दुपारी बंद ठेवलेली गाडी तापते, यावर कोणताही थर रामबाण नाही. आमच्या भिंतींत आणि छतात फोमचा थर आहे, बाहेरचा रंग पांढरा आहे आणि छतात हवा बाहेर फेकणारा पंखा आहे. या तिघांत पंख्याचे काम सर्वांत मोठे, कारण संध्याकाळी खिडकी किंचित उघडून तो लावला की तापलेली हवा बाहेर पडते आणि बाहेरची गार हवा खालून आत येते. माळव्यातल्या रात्री गार असतात, शब-ए-मालवा म्हणून त्यांचा लौकिक आहे. तिथे हे पुरते. बडोद्याच्या दमट जूनमध्ये पुरत नाही. वातानुकूलन बॅटरीवर रात्रभर चालवण्याचे स्वप्न विक्रेते दाखवतात, तेव्हा हिशेब मागावा. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरीत सुमारे अडीच युनिट वीज मावते. तासाला पाऊण युनिट खाणारे यंत्र लावले तर साडेतीन तासांत पहाट होण्याआधीच ती संपते. छतावरच्या ४०० वॉटच्या सौर पट्ट्या स्वच्छ उन्हात दिवसाला दीड-दोन युनिटे देतात. त्यात दिवे, पंखा, फोन आणि लहान कॉम्प्रेसरचा फ्रिज आरामात भागतो. वातानुकूलन हवे तेव्हा आम्ही विजेची जोडणी देणारा मुक्काम शोधतो, किंवा सरळ हॉटेलात जातो. त्यात कसला कमीपणा?

वजनाबद्दल डॅलसच्या भावजींनी लिहिले आहे, तेच कॅराव्हॅनलाही लागू होते. १२ मिलिमीटरच्या आठ बाय चार प्लायचे वजन बावीस-पंचवीस किलो असते. सात-आठ तक्ते लागले की पावणेदोनशे-दोनशे किलो नुसत्या लाकडाचे झाले. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. आमच्या बांधणाऱ्याने पाण्याची टाकी मागच्या एक्सलच्या मागे आणि तीही एकाच अंगाला बसवली होती. गाडी भरल्यावर एका कुशीवर कललेली दिसे आणि वळणावर डोलत असे. टाकी दोन एक्सलांच्या मध्ये आणून घेईपर्यंत मी त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. म्हणून आराखडा पाहताना आधी टाक्या आणि बॅटऱ्या कुठे आहेत ते विचारावे, पडद्यांचा रंग नंतर.

शेगडीची एक गोष्ट. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतल्या खोलीपासून बंदिस्त असावा आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारी जाळी असावी. मी आता बहुतेक स्वयंपाक बाहेर, गाडीच्या अंगाला ओढून काढता येणाऱ्या छपराखाली करते, कारण फोडणीचा धूर आणि वास गादीत शिरला की आठवडाभर जात नाही. आत फक्त चहा, वरण-भात आणि दूध तापवणे. स्वच्छतागृहासाठी काढून रिकामी करता येणारी पेटी असलेले साधन घ्यावे; ते रिकामे करायला आपल्याकडे ठरावीक ठिकाणे नाहीत, त्यामुळे जिथे मुक्काम असेल तिथल्या शौचालयात, विचारून, ते काम उरकावे लागते. हे काम कोण करणार हे लग्नाच्या वाटाघाटींसारखे आधीच ठरवून घ्यावे.


लष्करचा रहिवासी (ग्वाल्हेर)

सर्वांनी मिळून ट्रेलरला फारच कोपऱ्यात ढकलले आहे. त्याचा एक गुण कोणी सांगितला नाही. मुक्कामी पोचल्यावर ट्रेलर सोडून ठेवता येतो आणि गाडी मोकळी होते. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांत किंवा तुमच्या इंदूरच्या राजवाड्याच्या मागे ट्रॅव्हलर नेऊन दाखवा. भाजी आणायची तरी सगळे घर उचलून न्यावे लागते. शिवाय वर्षातले आठ-नऊ महिने ही अवजड गाडी उभी राहणार, तिचा विमा चालू राहणार, टायर जागच्या जागी म्हातारे होणार. तीन-चार महिन्यांच्या हौसेसाठी २५ लाख अडकवणे मला पटत नाही.

माझे मत विचाराल तर दोन्ही नको. एखादी साधी व्हॅन घ्यावी, मागची आसने दुमडून त्यावर घडीची फळी आणि गादी टाकावी, शेगडी बाहेर मांडावी आणि स्वच्छतागृहासाठी धर्मशाळा, पेट्रोल पंप आहेतच. एकाही ठिकाणी भोक पाडायचे नाही, म्हणजे कलम ५२ ची भानगड नाही.


पीथमपूरवासी

लष्करच्या मित्रांचा उपाय कागदाने स्वच्छ आहे, एका अटीवर: आसने दुमडावीत, काढू नयेत. आसनसंख्या नोंदणी-पुस्तिकेत लिहिलेली असते. फळी सामानासारखी ठेवता-काढता आली पाहिजे. सांगाड्याला बोल्टने आवळली की तो बदल झाला. गाडी मोकळी राहण्याचा त्यांचा मुद्दाही रास्त आहे आणि कारखान्यातून मान्यतेसह तयार झालेला कॅराव्हॅन-ट्रेलर, तो ओढण्यास योग्य ठरवलेल्या गाडीसह मिळाला, तर मी त्याला विरोध करणार नाही. माझा विरोध मालवाहू ट्रेलर घेऊन त्याचे परस्पर घर करण्याला आहे.


राजेंद्रनगरकर (इंदूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्कॉर्पिओची पुस्तिका काढून वाचली; ट्रेलर ओढण्याविषयी तिच्यात ज्या ओळी आहेत त्या आमच्या बेताला पुरेशा नाहीत. मुलाला हा सर्व मजकूर पाठवला आणि त्यानेही आपला आग्रह सोडला आहे. ग्वाल्हेरच्या बंधूंनी सुचवलेली व्हॅन मला स्वतःला आवडली असती, पण पत्नीला रात्री दोनदा उठावे लागते आणि अंधारात पेट्रोल पंप शोधणे तिला जमणार नाही. त्यामुळे स्वच्छतागृह आतच हवे, हे ठरले. बडोद्याच्या ताईंचा उभा दांडा तिने वाचल्याबरोबर वहीत उतरवून घेतला आहे.

तेव्हा मोटर कॅराव्हॅनकडेच कल झुकला आहे. घेण्याआधी एखादी भाड्याने घेऊन आठवडाभर महेश्वरकडे जाऊन यावे, असा विचार आहे. शेवटची विचारणा एवढीच की, बांधणाऱ्याला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कोणते कागद हातात घ्यावेत?


पीथमपूरवासी

भाड्याने घेण्याचा विचार उत्तम. जाताना जुन्या भेरूघाटाने जावे आणि पाण्याची टाकी पूर्ण भरून जावे, म्हणजे वळणावर गाडी कशी वागते ते कळेल. घाट नसलेल्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या गुणी असतात.

कागदांचे म्हणाल तर, ज्या सांगाड्यावर आणि ज्या लांबीच्या गाडीवर ते बांधून देणार आहेत, नेमक्या त्याच नमुन्याचे मोटर कॅराव्हॅन म्हणून दिलेले मान्यता-प्रमाणपत्र मागावे. ते केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली नेमलेल्या चाचणी संस्थेचे असावे. आपल्या पीथमपूरची नॅट्रॅक्स ही त्यांपैकीच एक. दुसऱ्या लांबीच्या गाडीचा कागद दाखवून 'हेच चालते' असे कोणी सांगितले तर उठून यावे. त्यावर आसनसंख्या किती आणि झोपण्याच्या जागा किती, हे पाहावे, कारण नोंदणी-पुस्तिकेत तेच उतरते. मग रिकाम्या, पूर्ण बांधलेल्या गाडीची वजनकाट्यावरची पावती द्यायची, दोन्ही एक्सलांचे वजन वेगवेगळे घेऊन, अशी अट करारात लिहून घ्यावी. कमाल एकूण वजनातून ते वजा केले की पाणी, गॅस, सामान आणि आपण दोघे यांसाठी किती किलो उरतात ते दिसेल. चारशेच्या खाली उरत असतील तर काही कपाटे कमी करायला सांगावीत. नोंदणी आपल्या नावावर मोटर कॅराव्हॅन म्हणून होऊन पुस्तिका हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता रोखून ठेवावा. विमा काढताना आतील फर्निचर, बॅटरी आणि सौर पट्ट्या यांची किंमत घोषित मूल्यात धरली आहे का, हे पॉलिसीवर वाचून घ्यावे, कारण पुष्कळदा विमा नुसत्या मूळ गाडीच्या किमतीवर निघालेला असतो. आगाऊ देण्यापूर्वी मसुदा इथे टाकलात, नावे झाकून, तर मी नजर घालीन.